अंगणांतले बाळगोपाळ

मायबापहो, सप्ताहांत लहान पोरांना "गलका करूं नका" म्हणून मंडपाबाहेर हाकलतात, हें बरें नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें, तेव्हां शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. पुढें कोसबाडला गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरे. पानें, बिया, शंखशिंपले हींच साधनें.

आपल्या देवळापाशीं हें अवघड नाहीं. चार वर्षांच्या पोराला वाळली मंजिरी चोळून तुळशीचें बी पेरूं द्या, रोज गडूभर पाणी घालूं द्या. कोंब दिसला कीं तें आपण होऊन शेजारचीं पोरें गोळा करतें. काल्याच्या दिवशीं दहीलाह्यांत पहिला हात त्यांचा. कोणाच्या घरचें काय पडलें, तें पोरें विचारीत नाहींत. मात्र हात आधीं धुवून घ्या.