माळरानावरील गवतांचे समाज : त्यांची ओळख व राखण

अवर्षणप्रवण भागातील माळरान दुरून पाहिले असता एकसारखे दिसते. गावच्या दप्तरात त्याची नोंद बहुधा 'पडीक' अशीच असते. वस्तुतः प्रत्येक माळावर गवतांचे निरनिराळे समाज नांदत असतात आणि कोणते गवत कोठे उगवावे याचे काही नियम असतात. हे नियम ध्यानी आल्यास माळाची सद्यःस्थिती गवतावरून ओळखता येते आणि गायरान सुधारावयाचे काम कोठून आरंभावे हेही कळते. यास्तव ग्रामसेवक व शेतकरी यांनी या विषयाचा थोडा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

संरक्षित माळराने

अभ्यासासाठी राखलेले माळ सोयीचे असतात. सोलापूरजवळील नान्नज येथील कुरणे माळढोक पक्षी अभयारण्यात मोडतात. हे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. त्या वेळी त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते व त्यात शेकडो गावांची शेती येत होती. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटर इतके मर्यादित करण्यात आले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० सालचे असून ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी राखण्यात आले. तिन्ही ठिकाणे पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहेत. पाऊस थोडा व अनियमित, खडक काळा आणि माती बहुतेक ठिकाणी उथळ.

भारतातील गवताळ आच्छादनाचे जे पाच मुख्य प्रकार मानले जातात, त्यांपैकी दख्खनच्या पठारावरील प्रकारास 'सेहिमा-डायकँथियम' असे नाव आहे. यातील सेहिमा म्हणजे शेडा व डायकँथियम म्हणजे मारवेल. एकाच गवतास गावोगावी निरनिराळी नावे असल्यामुळे नावापेक्षा गवताची प्रत्यक्ष ओळख करून घेणे इष्ट होय.

मातीनुसार गवतांची वाटणी

१. माथा व उतार : येथे माती वीतभरही नसते, खाली लगेच मुरूम लागतो. अशा जागी शेडा व डोंगरी गवत ही बहुवर्षायू गवते ठोंब करून वाढतात. त्यांची मुळे मुरमाच्या भेगांत शिरून ओल शोधतात व माती धरून ठेवतात.

२. मधला सपाट भाग : माती मध्यम खोलीची असते. येथे शेड्याबरोबर मारवेल दिसू लागतो. शेवरा, रानमूग यांसारख्या द्विदल वनस्पतीही मधूनमधून असतात. त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते व चारा अधिक पौष्टिक होतो.

३. सखल भाग व ओहोळाच्या कडा : वरून वाहून आलेली काळी माती व ओल येथे साठते. हे मारवेलचे खरे घर. मारवेलच्या पेरांना मुळे फुटत असल्याने तो जमीन लवकर व्यापतो. बोर, बाभूळ, हिवर हे वृक्षही मुख्यतः याच पट्ट्यात वाढतात.

चराईमुळे होणारा पालट

मातीने ठरविलेली ही वाटणी अमर्याद चराईमुळे मोडते. गुरे गोड व रसाळ गवत प्रथम खातात. शेडा व मारवेल यांना वारंवार खुडले की मुळांत अन्नसाठा राहत नाही. ठोंब मरतात व बीही धरत नाही. रिकाम्या जागी कुसळी गवत येते. त्याची कुसळे गुरांच्या तोंडास इजा करतात व मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात. चराई तशीच चालू राहिल्यास कुसळीही विरळ होते आणि ॲरिस्टिडा वर्गातील बारीक, वर्षायू गवते पसरतात. ती पावसाबरोबर उगवतात व लवकरच वाळून जातात. शेवटी जमीन उघडी पडते; गुरे ज्यास तोंड लावत नाहीत असा तरवड व १९५५ साली पुण्यात प्रथम आढळलेले गाजर गवत एवढेच उरते.

माळ राखल्यास हाच क्रम उलट दिशेने चालू लागतो. मात्र त्यास काही वर्षे लागतात, आणि शेड्या-मारवेलचे थोडे तरी ठोंब शिल्लक असावे लागतात. नांगरट करून ठोंबच उपटले असतील, तर नुसत्या कुंपणाने जुने गवत परत येत नाही. बी किंवा ठोंब बाहेरून आणून लावावे लागतात.

माळावर दाट झाडी असावी काय ?

पडीक जमीन दिसली की झाडे लावावी, हा विचार सद्‌हेतूने केला जातो. परंतु उथळ माळावर तो हितकर नाही. दाट सावलीत माळावरील ही गवते तग धरीत नाहीत, आणि वेडी बाभूळ एकदा शिरली की काढणे कठीण. माळढोक तर उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्यास मोकळा माळ लागतो. हा पक्षी आज अत्यंत दुर्मीळ झाला आहे. झाडे बांधावर, ओढ्याकाठी व गावठाणात लावावी. माळ गवतासाठी ठेवावा.

गवतांची मोजणी

मोजणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत फुलोऱ्यावर असताना करावी. चार काठ्या बांधून एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. माथा, सपाट भाग व सखल भाग येथे प्रत्येकी २० ठिकाणी, जागा न निवडता, ती टाकावी. प्रत्येक वेळी आत कोणकोणती गवते आहेत व त्यांचे ठोंब किती, हे लिहावे.

समजा, २० चौकटींपैकी १५ चौकटींत शेडा मिळाला, तर त्याचा आढळ ७५ टक्के झाला. ठोंबांची संख्या व आढळ या दोन निराळ्या गोष्टी होत. ४० ठोंब दोनच चौकटींत दाटलेले असतील, तर ते गवत एका कोपऱ्यात उरले आहे. तेच ४० ठोंब १५ चौकटींत असतील, तर ते माळभर पसरलेले आहे. दरवर्षी त्याच सुमारास मोजणी केल्यास माळ सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे आकड्यांनीच कळेल.

गायरानासाठी उपाय

१. गायरानाचे चार भाग पाडावे व दरवर्षी एक भाग पाळीपाळीने पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे तेथील गवतास बी धरता येईल.

२. उरलेल्या भागांतही पावसाळ्याच्या आरंभी गुरे सोडू नयेत. कोवळे ठोंब त्याच वेळी मरतात.

३. कुसळी फुलोऱ्यापूर्वी व शेडा फुलोऱ्यावर येताच कापून वाळवावा. वाळल्यावर कापलेल्या गवतात सत्त्व राहत नाही.

४. बंद भागातील गवतही बी झडल्यावर कापून न्यावे. वर्षानुवर्षे न कापल्यास जुन्या गवताचा थर नव्या फुटीस दाबून टाकतो.

५. माळास आग लावू नये. कडेने जाळपट्टे काढून ठेवावे.

१९७२ च्या दुष्काळात चाऱ्याअभावी गुरांचे अतोनात हाल झाले. पाऊस ओढ धरतो तेव्हा खोल मुळांचे शेडा-मारवेल थोड्या सरींवरही फुटतात; वर्षायू गवते फुटत नाहीत. म्हणून माळाची नोंद 'पडीक' अशी करण्यापूर्वी त्यावर कोणती गवते उभी आहेत हे ग्रामसभेने एकदा मोजून पाहावे व मगच निर्णय करावा.