समरी सूटचं समन्स आलं तर? दहा दिवस आणि ‘लीव्ह टू डिफेंड’



उधारी वसुलीच्या व्हिडिओत आपण समरी सूट पैसे घेणाऱ्याच्या बाजूने बघितला. आज टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू. दावा तुमच्यावर झालाय, पैसे तुमच्याकडे मागितलेत, आणि तुमचं म्हणणं आहे की एवढे पैसे लागतच नाहीत. मी वकील नाही, दुकानदार आहे. त्यामुळे वकील करावाच लागेल, पण वकिलाकडे किती दिवसांत आणि काय घेऊन जायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

एक उदाहरण धरू. सांगलीत तुमचा फरसाणचा छोटा कारखाना आहे. पुण्याच्या एका पाऊचवाल्याला तुम्ही प्रिंटेड पाऊचची लेखी ऑर्डर दिली. बिल ७,२०,००० रुपयांचं. ॲडव्हान्स ३,००,००० दिला. माल आला, तुमच्या माणसाने चलनावर सही करून उतरवून घेतला. पॅकिंग सुरू केल्यावर कळलं की बऱ्याच पाऊचचं सील धरत नाही. दुकानांतून शेव सादळून परत यायला लागली. तुम्ही उरलेले ४,२०,००० थांबवले. आठ-दहा महिन्यांनी कोर्टाचं पाकीट आलं.

बहुतेक जण इथे म्हणतात, “येऊ दे, कोर्टात सांगू काय माल दिला होता ते. तारखा पडतील दोन-चार वर्षं.” साध्या दाव्यात हे एक वेळ चालतं. तिथे लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस असतात आणि बाजू मांडायचा हक्क आपोआप मिळतो. समरी सूटमध्ये तो आपोआप मिळत नाही. बचाव करू द्या, अशी परवानगी आधी कोर्टाकडे मागावी लागते. तिचंच नाव लीव्ह टू डिफेंड.

हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या ऑर्डर ३७ मध्ये आहे. हुंडी, प्रॉमिसरी नोट, लेखी करारातून येणारी ठरलेली रक्कम, गॅरंटी अशा बाबतीत हा दावा करता येतो. आपला दावा यातला आहे हे कसं ओळखायचं? समन्ससोबत दाव्याची प्रत येते. तिच्यावर दावा क्रमांकाच्या लगेच खाली ऑर्डर ३७ चा उल्लेख असावा लागतो. पाकीट फोडलं की पहिली नजर तिथे टाका. आणि बेलिफला परत पाठवून काही साधत नाही, समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असंच धरलं जाऊ शकतं.

आता घड्याळ. इथे दहा-दहा दिवसांचे दोन टप्पे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची, स्वतः किंवा वकिलामार्फत, आणि नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता द्यायचा. या टप्प्यावर बचाव सांगायचा नसतो, फक्त “मी आलोय” एवढंच. हे चुकलं तर दाव्यातलं म्हणणं तुम्ही कबूल केलं असं धरून समोरच्याला डिक्री मिळू शकते. शेव सादळली होती की नव्हती, हे कोणी विचारणारही नाही.

हजेरी लागली की समोरचा दुसरं समन्स काढतो, ‘समन्स फॉर जजमेंट’. सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र असतं की एवढी रक्कम येणे आहे आणि प्रतिवादीकडे बचाव नाही. हे मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत लीव्ह टू डिफेंडचा अर्ज, आणि त्यासोबत तुमचं प्रतिज्ञापत्र. हजेरी लावून निवांत बसणारे बरेच जण इथे अडकतात. अर्जच केला नाही तर समोरच्याला लगेच निकाल मागता येतो. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, पण त्या भरवशावर दिवस घालवू नका. डिक्री झाल्यावर ती रद्द करून घेणं आणखी अवघड. तिथे ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते.

मग प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं? खरा खेळ इथेच आहे. “माल खराब होता, दावा खोटा आहे” या दोन ओळींना किंमत नाही. केस जिंकून दाखवायची नाहीये, पण कोर्टाला असं वाटलं पाहिजे की यात तपासण्यासारखं काहीतरी आहे. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात याच्या पायऱ्या सांगितल्या. बचाव भक्कम किंवा निदान वाजवी असेल तर साधारणपणे बिनशर्त परवानगी. मुद्दा आहे पण प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे, तर अटी लागतात, म्हणजे कोर्टात पैसे भरा किंवा तारण द्या. बचाव शक्य आहे पण पटण्यासारखा नाही, तर ही अट व्याजासकट पूर्ण रकमेपर्यंत जाऊ शकते. आणि बचाव पोकळ असेल तर परवानगी नाही. २०२२ च्या बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स या निकालात कोर्टाने हेही सांगितलं की परवानगी देणं हा नेहमीचा नियम आणि नाकारणं हा अपवाद. म्हणून घाबरायचं कारण नाही, पण अट लागली आणि मुदतीत पाळली नाही तर निकाल विरुद्ध जातो. छोट्या धंद्याला चार लाख कोर्टात अडकवून ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता फरसाणवाल्याकडे परत येऊ. त्याची केस कोणत्या पायरीवर बसेल हे वकिलाच्या इंग्रजीवर नाही, माल आल्यावरच्या त्या एक-दोन आठवड्यांवर ठरणार आहे. माल विक्री कायदा १९३० च्या कलम ४२ प्रमाणे माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. सील सुटतंय हे कळलं त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ गेला, ईमेल गेला, “बदलून द्या” म्हणून लिहिलं, परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट्स आहेत, तर बचाव जिवंत आहे. फोनवर नुसती भांडणं झाली आणि मधल्या काळात “पुढच्या महिन्यात पेमेंट करतो” असा मेसेज गेला, तर तोच मेसेज समोरच्याच्या दाव्याला जोडलेला दिसेल.

सदोष मालाबद्दल किंमत कमी करून मागण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. पण “माझं चार लाखांचं नाव खराब झालं, हिशेब फिटला” हे मात्र कच्चं म्हणणं आहे. तसल्या भरपाईचा आकडा कोर्ट ठरवतं, आपण नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणाला आवडत नाही. समजा त्याने हिशेब केला आणि निघालं की चांगले निघालेले पाऊच वापरले, त्यांचे १,५०,००० देणं लागतात. प्रतिज्ञापत्रात ते कबूल केलं तर तेवढी रक्कम कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही. म्हणून लोक एक रुपयाही कबूल करत नाहीत. माझं मत वेगळं आहे. जे वापरलं तेही नाकारलं तर पूर्ण बचावावरच शंका येते आणि मग अट मोठ्या रकमेची लागू शकते. अर्थात, आकडा लिहिण्याआधी वकिलाशी बोला आणि पैशांची सोय बघा.

दावा ऑर्डर ३७ मध्ये बसतच नाही, हाही बचाव असू शकतो. लेखी करार नाही, रक्कम ठरलेली नाही, किंवा नुकसानभरपाईही त्यात घुसवली आहे. सही करून घेतलेलं बिल मात्र लेखी करार ठरू शकतं, तेव्हा “आमचं ॲग्रीमेंटच नव्हतं” यावर फार विसंबू नका.

आणि ३ लाख किंवा त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा आदेश मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे (कमर्शियल कोर्ट्स कायदा, कलम १२-अ). विधी सेवा प्राधिकरणाकडून तशी नोटीस आली तर जा. तडजोडीची सगळ्यात स्वस्त जागा तीच आहे.

वकिलाकडे जाताना न्यायचं ते असं: समन्सचं पाकीट आणि ते मिळाल्याची तारीख, पूर्ण दाव्याची प्रत, ऑर्डर, चलन, बिल, बँक स्टेटमेंट, तारखांसकट छापलेलं चॅट, आणि खराब पाऊचचे नमुने. फोन मात्र फॉरमॅट करू नका किंवा विकू नका, मूळ चॅट त्यातच असतं. आणि हे सगळं दहाव्या दिवशी नाही, पहिल्या-दुसऱ्या दिवशी.