फोनवरची पाळत : काय करावे, काय टाळावे

‘लाइव्ह लोकेशन पाठव.’ ‘व्हिडिओ कॉल लाव, खोलीत कोण आहे दाखव.’ ‘रात्री एक वाजता ऑनलाइन होतीस, कोणाशी बोलत होतीस?’ नव्या संसारात याला काळजी समजलं जातं. पण नाही म्हटल्यावर भांडण, अबोला किंवा मारहाण होत असेल, तर ती पाळत आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार भावनिक आणि आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच. लग्नाशिवाय जोडप्यासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा संरक्षण देतो.

काय करावे

• आधी दुसरा फोन मिळवा. बहिणीचा, मैत्रिणीचा, ऑफिसातला. 181 या महिला हेल्पलाइनला किंवा वकिलाला तिथूनच फोन करा. जिवाला धोका वाटला तर मात्र हाती येईल त्या फोनवरून 112 लावा.

• पुरावा जपा. धमकीच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसू द्या आणि मूळ मेसेज तसाच राहू द्या. ब्लॉक केल्यावर काही जण यूपीआयवरून एक रुपया पाठवतात आणि सोबतच्या मजकुरात शिवी किंवा धमकी लिहितात. त्या व्यवहाराचाही स्क्रीनशॉट काढा.

• व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. पाळत ठेवायला हॅकर लागत नाही. तुम्ही आंघोळीला गेल्यावर फोन दोन मिनिटं जोडीदाराच्या हाती पडला, क्यूआर कोड स्कॅन झाला की तुमचं सगळं बोलणं त्याच्या लॅपटॉपवर दिसू लागतं. गूगल खात्यात कोणकोणती उपकरणं जोडली आहेत, मॅप्सवर लोकेशन कोणाला जातंय, तेही तपासा. आयफोनवर ‘सेफ्टी चेक’ आहे. जे दिसेल त्याची आधी नोंद ठेवा.

• सिम कोणाच्या नावावर आहे? याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लग्नानंतर नवा नंबर नवऱ्याच्या कागदपत्रांवर घेतला जातो, बँक आणि आधारही त्याच नंबरला जोडले जातात. मग तो डुप्लिकेट सिम काढून तुमचे ओटीपी मिळवू शकतो, नाहीतर नंबरच बंद करून टाकू शकतो आणि तुमचे स्वतःचे पैसे तुम्हाला काढता येत नाहीत. स्वतःच्या नावावर सिम घ्या आणि बँकेच्या शाखेत जाऊन नंबर बदला.

• खासगी फोटो पसरवण्याची धमकी आली तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा वापरा. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो. त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या तो फोटो रोखतात. फोटो काढायला तुम्ही संमती दिली होती म्हणून गप्प बसू नका. तो संमतीशिवाय पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. बाईच्या इंटरनेट किंवा ईमेलवर पाळत ठेवणं कलम 78 मध्ये येतं.

• एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. महाराष्ट्रात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत त्यांची सुरुवात केली. तिथे समाजकार्यकर्त्या भेटतात.

काय टाळावे

• रागाच्या भरात फोन रीसेट करू नका. पुरावा जातो, आणि पाळत तुटल्याचं कळताच तो बिथरू शकतो. राहायचं कुठे, सोबत कोण, हे ठरल्यावरच पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या फोनवरून.

• मुलांचा टॅब, स्मार्टवॉच, गाडीतला जीपीएस विसरू नका. त्यावरूनही तुमचा ठावठिकाणा कळतो.

• धमकीला घाबरून पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका.

• आईवडिलांनो, ‘फोनच वापरू नकोस’ असं लेकीला सांगू नका. तिला एकटं पाडणं हेच तर त्याला हवं असतं. ती माहेरी आली असेल तर तिचे फोटो स्टेटसला ठेवू नका, आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर तिचा नवा नंबर टाकू नका.