आधी सात वर्षं बघ

रेवदंडा

चि. दादू यास,

आईचा फोन आला होता. तेरा वर्षांखालची पोरं गळ्यात मारली म्हणून तू रुसलायस आणि कोचिंगच सोडतोयस म्हणे. सोडायचं तर सोड. पण आधी तुझ्या त्या फुटबॉल कोच खालिद जमीलची कारकीर्द नीट बघ. ऐजॉल क्लबची नव्हे, त्याच्या आधीची.

महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी असा हा मुंबईत खेळलेला गडी. दुखापतींनी खेळ लवकर थांबवला, आणि 2009 मध्ये तो मुंबई एफसीचाच कोच झाला. सात वर्षं राहिला. क्लबकडे पैसा बेताचा, मोठे खेळाडू दुसरीकडे. दर मोसमाला एकच काम: आय-लीगमधून संघ खाली घसरू द्यायचा नाही. त्यानं एकदाही घसरू दिला नाही. बचावाचा कंटाळवाणा खेळ म्हणून लोक नाकं मुरडायचे. मलाही तो फारसा रुचला नाही. पण गोल करणारे नसतील, तर निदान गोल खाऊ नयेत, यात चुकलं काय? 2016 मध्ये क्लबनं त्याला निरोप दिला, आणि पुढच्याच मोसमात मुंबई एफसी घसरली.

त्याच मोसमात त्यानं ऐजॉलला आय-लीगचा विजेता केलं. आदल्या वर्षी घसरलेला, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतलेला हा संघ! 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी झाली आणि 37 गुणांवर, मोहन बागानच्या एक गुण पुढे राहून, ईशान्येकडे पहिल्यांदा हे विजेतेपद गेलं. बचाव तो मुंबईतच शिकला होता.

इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 2014 पासून कायमचे मुख्य प्रशिक्षक परदेशीच असत. ती रीत 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं मोडली, ती जमीलला नेमून. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा संघ हाती आला. सप्टेंबरात ओमानला हरवलं तेव्हा डोक्यावर घेणारेच ऑक्टोबरात सिंगापूरशी हरल्यावर शिव्या घालत होते. या धंद्यात ते चालायचंच.

तुझी पोरं ओहोटीला वाळूवर खेळतात. तिथे चेंडू अडतो, उसळत नाही. पहिला स्पर्श तिथेच पक्का कर, दोन्ही पायांनी. होडीवर जाणारं पोर चार दिवस आलं नाही, तर त्याला संघातून काढू नकोस. कोचिंगच्या डी लायसन्सचा फॉर्म या महिन्यात भर, आणि या पोरांना निदान दोन मोसम दे.

तुझा,
मामा