शब्दकोडे कसे सोडवावे?

एसटीची वाट बघत बसलेला माणूस वर्तमानपत्र उघडतो. एका कोपऱ्यात काळीपांढरी घरे आखलेली असतात. माणूस पेन्सिल काढतो आणि एकेक घर भरू लागतो. याला शब्दकोडे म्हणतात.

हा खेळ परदेशातून आला. 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी असे कोडे छापले. पुढे तो खेळ जगभर पसरला. मराठी वर्तमानपत्रांतही तो येतो. ज्याला वाचता येते, त्याला तो जमतो. भ्यायचे कारण नाही.

आधी नियम समजून घेऊ. प्रत्येक पांढऱ्या घरात एकच अक्षर लिहायचे. काळे घर सोडून द्यायचे. काना, मात्रा, वेलांटी अक्षराबरोबरच राहते. जोडाक्षरालाही एकच घर. 'पुस्तक' या शब्दाला किती घरे? पु, स्त, क. तीन घरे झाली.

काही घरांत आकडे असतात. बाजूला तेच आकडे देऊन शब्दाचा अर्थ सांगितलेला असतो. काही शब्द आडवे भरायचे, काही उभे.

आता आपण एक लहान कोडे सोडवू.

आडवे 1 : कोपरगावची नदी. चार घरे.
उभे 1 : पाखरे हाकलण्याचे साधन. तीन घरे.
उभे 2 : शेतीचे अवजार. तीन घरे.

जे नक्की ठाऊक आहे, ते आधी लिहावे. नदी कोणती? गोदावरी. गो, दा, व, री. चार घरे भरली. 'गो'च्या खाली उभा शब्द आहे. पाखरे कशाने हाकलतो? गोफणीने. गो, फ, ण. बरोबर बसले.

उभे 2 मात्र अवघड आहे. नांगर तीन अक्षरी. कुळव तीन अक्षरी. तिफण आणि वखरही तीन अक्षरीच. मग कोणता शब्द लिहायचा? आता वर बघा. हा शब्द गोदावरीतल्या 'व'पासून सुरू होतो. म्हणजे वखर! बाकीचे तिन्ही गळाले. आडवा शब्द उभ्या शब्दाची साक्ष देतो. कोड्याचे सारे मर्म यातच आहे.

| गो | दा | व | री | ■ |
| फ | ■ | ख | ■ | ■ |
| ण | ■ | र | ? | ? |

वेलांटी चुकली, तर साक्षही चुकते. 'दिन' म्हणजे दिवस. 'दीन' म्हणजे गरीब. म्हणून शुद्ध लिहावे. अडले तर शब्दकोश बघावा, नाहीतर शेजाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. पूर्वी बक्षिसाच्या कोड्यांचे फार वेड होते. पैसे भरून उत्तरे पाठवायची. पण त्यांत काही घरे एकटी पडलेली असत. समजा, विचारले आहे, 'माणसाने हे जपावे', आणि घरात दिले आहे '_न'. धन, मन, तन, तिन्ही शब्द बसतात. साक्ष द्यायला दुसरा शब्दच नाही. मग तिथे अक्कल काय करील? तो नशिबाचा खेळ झाला. 1955 साली सरकारने बक्षीस स्पर्धांवर कायदा केला आणि मोठ्या बक्षिसांना बंदी घातली. तो कायदा नशिबाच्या स्पर्धांना लागू आहे, बुद्धीच्या स्पर्धांना नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली दिला.

आज फोनवर निरोप येतो, 'सोपे कोडे सोडवा, लाख रुपये जिंका, आधी थोडे पैसे भरा.' असे पैसे भरू नका. फोनवर आलेला गुप्त आकडाही कुणाला सांगू नका. कोडे सोडवून चार नवे शब्द मिळाले, हेच आपले बक्षीस. ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

स्वाध्याय

1. आडवे 3 : जमिनीखाली वाढते, उपवासाला चालते. तीन घरे. पहिले अक्षर 'र'. शब्द लिहा.
2. आपल्या गावाच्या नावाला किती घरे लागतील? मोजा.
3. गोदावरीतल्या 'री'पासून सुरू होणारा एक शब्द शोधा.

(पहिल्याचे उत्तर : रताळे. आधी स्वतः लिहा, मग ताडून बघा.)