रोजकीर्द, खतावणी आणि लिनक्सची फाइल सिस्टिम

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या डिस्कशी काय करावयाचे आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. कंपनी (लेखे) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवली पाहिजे. पूर्वी हे काम ठरावीक मुदतीने केले तरी चालत असे. उद्या आपल्यापैकी कोणी लेखापाल होईल, कोणी लेखापरीक्षक. 'प्रत ठेवली आहे' असे सांगणाऱ्याला 'कोठे ठेवली?' हे विचारता आले पाहिजे. पुष्कळ सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि आपण शाळेपासून शिकलो ते विंडोजवर. म्हणून या अनोळखी घराची ओळख आपल्याच हिशेबाच्या भाषेत करून घेऊ या.

१. सी आणि डी कोठे गेले?

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला किंवा तिच्या भागाला सी, डी, ई असे अक्षर असते. लिनक्समध्ये ही अक्षरे नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्स सुरू केले. या घराण्यात सगळ्या फाइलींचे एकच झाड असते आणि त्याच्या मुळाला 'रूट' म्हणतात. नवी डिस्क आली की ती या झाडाच्या एखाद्या फांदीवर, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीवर, जोडावी लागते. या जोडण्यास 'माउंट करणे' म्हणतात.

येथे नवशिक्याला मोठा धोका आहे. समजा, 'बॅकअप' नावाच्या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क जोडावयाची आहे, पण ती जोडली गेलीच नाही. तरी डिरेक्टरी जागेवरच असते. तिच्यात रोज प्रती पडत राहतात, सहसा कोणतीही चूक दाखविली जात नाही, आणि त्या सर्व प्रती मूळ डिस्कवरच साठतात. ती डिस्क बिघडली म्हणजे हिशेबही गेला आणि त्याची प्रतही गेली. म्हणून प्रत घेण्याआधी 'डीएफ' ही आज्ञा द्यावी. कोणती डिस्क कोठे जोडली आहे आणि तिच्यात किती जागा शिल्लक आहे, हे ती सांगते.

२. खतावणीचे पान आणि अनुक्रमणिका

खतावणीत प्रत्येक खात्याला पान असते आणि आरंभी अनुक्रमणिका असते. लिनक्समध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिमची रचना अशीच आहे. प्रत्येक फाइलचे एक पान असते, त्यास 'आयनोड' म्हणतात. फाइलचा मालक कोण, आकार किती, कोणाला वाचण्याची वा लिहिण्याची परवानगी, मजकूर डिस्कवर कोठे, हे सारे त्यात असते. फक्त फाइलचे नाव त्यात नसते. नाव डिरेक्टरीत, म्हणजे अनुक्रमणिकेत असते. त्यामुळे एकाच पानाला दोन नावे असू शकतात. त्यांतील एक नाव खोडले तरी मजकूर राहतो. शेवटचे नाव खोडले आणि कोणत्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते. मोठी फाइल पुसली तरी शिल्लक जागा वाढत नाही, याचे एक कारण हेच.

एक्स्ट-४ मध्ये पानांची संख्या फाइल सिस्टिम तयार करतानाच ठरते. साधारण प्रमाण दर १६,३८४ बाइटांना एक पान असे असते. पावत्यांच्या लक्षावधी बारीक फाइली ठेवल्या तर डिस्कवर जागा असूनही पाने संपतात आणि 'जागा नाही' असा निरोप येतो. अशा वेळी 'डीएफ -आय' या आज्ञेने पानांचा हिशेब पाहावा. शिवाय एकूण जागेच्या ५ टक्के जागा सामान्यतः मुख्य व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेली असते. १,००० जीबीच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी. हा फाइल सिस्टिमचा राखीव निधीच समजा. तो कमी-जास्त करता येतो.

३. रोजकीर्द

एक फाइल लिहिताना डिस्कवर अनेक ठिकाणी नोंदी बदलतात. मध्येच वीज गेली तर काही नोंदी होतात, काही राहतात. १९९३ च्या एक्स्ट-२ मध्ये असे झाले की सबंध डिस्क तपासावी लागे. तेरीज जुळली नाही म्हणून वर्षाची सगळी खाती पुन्हा चाळावीत, तसेच हे. २००१ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात आलेल्या एक्स्ट-३ ने यावर 'जर्नल' हा उपाय आणला, आणि २००८ मध्ये स्थिर झालेल्या एक्स्ट-४ मध्ये तो कायम राहिला. जर्नल म्हणजे आपली रोजकीर्द. कन्नड हिशेबातही 'किर्दी' हा शब्द आहेच. बदल आधी कीर्दीत लिहावयाचा, मग खतावणीत. वीज परत आल्यावर कीर्दीतील पुऱ्या नोंदी खतविल्या जातात आणि अपुऱ्या सोडून दिल्या जातात.

मात्र ही कीर्द सामान्यतः पाने आणि अनुक्रमणिका यांच्या बदलांचीच असते, फाइलमधील मजकुराची नव्हे. वही शाबूत राहील, पण अर्धवट लिहिलेले बिल परत मिळेलच असे नाही. म्हणून जर्नल असले तरी बॅकअप हवाच.

४. व्यवस्थापकाची पथ्ये

पहिले पथ्य ओळखीचे. डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे मिळतात, पण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती बदलू शकतात. 'एमकेएफएस' ही आज्ञा डिस्कवर नवी फाइल सिस्टिम बनविते, म्हणजे जुन्या वहीवर नवी वही आखते. ती देण्यापूर्वी डिस्कचा आकार व तिच्यावरील भाग डोळ्यांनी पाहून घ्यावेत.

दुसरे, डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून 'एफएसटॅब' या फाइलीत सहा रकान्यांची ओळ लिहितात. तेथे बदलते नाव न लिहिता फाइल सिस्टिमचा कायमचा क्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहावा. नंतर 'माउंट -ए' ही आज्ञा देऊन ओळ तेव्हाच तपासावी. या फाइलीतील चुकीने संगणक सुरू होताना अडून बसू शकतो.

तिसरे, 'एफएससीके' या तपासणीच्या आज्ञेने जोडलेल्या फाइल सिस्टिमची दुरुस्ती कधीही करू नये. कारकून वहीत लिहीत असताना दुसऱ्याने तीच वही दुरुस्त करावयास घेतली, तर दोघेही मिळून ती बिघडवतील. आधी 'अनमाउंट' करावे, मग तपासावे.

चौथे, घेतलेल्या प्रतीतून एखादी फाइल अधूनमधून परत काढून, उघडून पाहावी.

सरावासाठी वेगळी डिस्क लागत नाही. १०० एमबीची एक रिकामी फाइल बनवावी, तिच्यातच फाइल सिस्टिम तयार करावी आणि 'लूप' पद्धतीने ती माउंट करावी. ती भरावी, पुसावी, बिघडवावी, दुरुस्त करावी. कोणाचाही हिशेब न बुडविता सगळे धडे गिरविता येतात. विद्यार्थी मित्रांनी निदान एक रविवार यासाठी द्यावा.