जुने ट्रॅक्टर व वाफेची इंजिने : जतन, दुरुस्ती व दक्षता

ज्या यंत्राने एके काळी गावातील पडीक रान प्रथम फोडले, ते यंत्र आज गोठ्यामागे किंवा बांधावरील बाभळीखाली गंजत पडलेले अनेक गावांत आढळते. काही वर्षांनी भंगारवाला येतो व ते वजनावर घेऊन जातो. त्याच्याबरोबर गावच्या शेतीच्या इतिहासाचा एक पुरावाही जातो. अलीकडे काही हौशी शेतकरी व मिस्त्री अशी यंत्रे मिळवून, ती दुरुस्त करून पुन्हा चालती करू लागले आहेत. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यात घाई हा मोठा दोष ठरतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत घाई केल्यास यंत्राचा नाश होतो. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत घाई केल्यास माणसाचा प्राण जातो. म्हणून यंत्र आधी तपासावे व मग चालवावे, हा या कामातील पहिला नियम होय.

कोणती यंत्रे जतन करावीत

शेतात यांत्रिक शक्ती प्रथम आली ती वाफेच्या रूपाने. इंग्लंडमध्ये जॉन फाउलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाफेवर नांगरट करण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत शेताच्या दोन्ही टोकांस दोन इंजिने उभी करीत व तारेच्या दोराने नांगर इकडून तिकडे ओढीत. आपल्याकडे वाफेच्या इंजिनाचा शेतमालाशी संबंध आला तो मुख्यतः वऱ्हाड व खानदेशातील कापूस पिंजण्याच्या नव्हे, तर सरकी काढण्याच्या व गठाणी बांधण्याच्या कारखान्यांत. त्यांपैकी एखादे इंजिन वा बॉयलर क्वचित जुन्या आवारात दृष्टीस पडतो.

१९१७ मध्ये अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टरचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे निघालेल्या फर्ग्युसन टी.ई.-२० या ट्रॅक्टरची संख्या पाच लाखांहून अधिक होती. अवजार तीन ठिकाणी जोडून ते द्रवदाबाने उचलण्याची जी सोय आज प्रत्येक ट्रॅक्टरला असते, तिचा प्रसार या ट्रॅक्टरने केला. भारतात १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मद्रास येथे टाफे कंपनी सुरू झाली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने बी-२७५ हा ट्रॅक्टर काढला, तर १९७१ मध्ये पिंजोर येथे एच.एम.टी.ने झेटर धर्तीचा २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तयार करण्यास आरंभ केला. एच.एम.टी.च्या ट्रॅक्टरांचे उत्पादन आता बंद झाले आहे.

ट्रॅक्टरइतकेच महत्त्व ऑइल इंजिनाला आहे. विहिरीवरील मोट थांबली ती आधी ऑइल इंजिनामुळे. विजेचा पंप त्यानंतर आला. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास काढलेल्या सावकाश फिरणाऱ्या, जड चाकाच्या इंजिनाच्या धर्तीवर राजकोट येथेही पुष्कळ इंजिने तयार झाली. संग्रह सुरू करणाऱ्यास असे एक सिलिंडरचे इंजिन सर्वांत सोयीचे असते. त्याचे भाग थोडे, जाड व सहज हाती येणारे असतात, आणि त्यावर शिकलेली गोष्ट पुढे ट्रॅक्टरवर उपयोगी पडते.

यंत्र दुर्मिळ आहे एवढ्यावरून त्याची किंमत ठरवू नये. ते कोणी घेतले, कोणत्या रानात चालले, त्यावर कोणी काम केले हे ज्याच्याविषयी सांगता येते, ते साधे यंत्रही संग्रहास अधिक मोलाचे असते.

ओळख व कागदपत्रे

यंत्र जागेवरून हलविण्यापूर्वी त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नंतर इंजिनाचा व चासीचा क्रमांक उतरवून घ्यावा. पितळी पट्टी निघून गेली असल्यास लोखंडी ओतकामावर उठलेले आकडे पाहावेत; त्यांवरून त्या भागाचा प्रकार ओळखण्यास मदत होते. पट्टी असल्यास ती पॉलिश करून झिजवू नये. मूळ रंग पाहावयाचा असल्यास पट्टीच्या मागे, बोल्टच्या डोक्याखाली किंवा टाकीच्या पट्ट्याखाली पाहावा. तेथे ऊन-पाऊस न लागल्याने तो बहुधा शिल्लक असतो.

ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. म्हणून विकत घेताना नोंदणी पुस्तक, त्यातील क्रमांक व प्रत्यक्ष क्रमांक जुळतात किंवा नाही, तसेच त्यावर कर्जाचा बोजा आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. नोंदणी चालू नसलेला ट्रॅक्टर रस्त्याने चालवीत न नेता दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावा.

इंजिन प्रथम फिरविण्यापूर्वी

अनेक वर्षे बंद असलेला ट्रॅक्टर घरी येताच दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळदंडाने बांधून ओढावयाचा व गिअर टाकून सुरू करावयाचा, ही चाल सर्वत्र आहे. ती अत्यंत घातक आहे. पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरलेल्या असतात. ओढल्याने त्या तुटतात, सिलिंडरवर चरे पडतात व प्रसंगी कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पिस्टनवर पाणी किंवा डिझेल साचलेले असू शकते. हवा दाबली जाते, पण पाणी दाबले जात नाही. त्यामुळे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे सारे बळ इंजिनाच्या नाजूक भागांवर येते. दहा मिनिटांच्या उतावळेपणामुळे जे मोडते, त्याचा सुटा भाग पुढे मिळेलच अशी खात्री नसते.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम इंजिनाच्या चेंबरचा बूच हळूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते व आधी बाहेर येते. पाणी निघाल्यास ते गॅसकेटमधून, फुटलेल्या सिलिंडरमधून की उघड्या धुराड्यातून आले, याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर सर्व नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइल यांचे मिश्रण थोडे थोडे ओतावे व आठवडाभर मुरू द्यावे. मग नोझल काढलेलेच ठेवून फ्लायव्हील हाताने अगदी थोडे पुढे व थोडे मागे करावे. केसभर हलले तरी समाधान मानावे व पुन्हा तेल सोडावे. दोन-तीन आठवड्यांतही हलले नाही तर हेड उतरवावे. पिस्टनवर घणाचा घाव घालू नये.

इंजिन हाताने मोकळे फिरू लागल्यावर डिझेलची टाकी उतरवून धुवावी. तळाचा गंज व पाणी तसेच राहिल्यास ते पंपात जाऊन त्याचे बारीक भाग खराब करतात. फिल्टर बदलावेत, नळ्यांतील हवा काढावी. रेडिएटरमधील चिखल व क्षार धुवून काढावेत. नोझलचा फवारा तपासताना त्याच्यापुढे हात कदापि धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तिला तातडीचे वैद्यकीय उपचार लागतात.

सुरू करण्याआधी शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची तपासणी डिझेल पंपाच्या दांडीची. पंप दीर्घकाळ बंद राहिल्यास ही दांडी पूर्ण उघड्या स्थितीत अडकू शकते. मग इंजिन सुरू होताच त्याचा वेग वाढतच जातो व ते आवरत नाही. म्हणून दांडी बोटाने सहज मागे-पुढे सरकते याची खात्री करावी आणि हवेच्या तोंडावर दाबून धरण्यासाठी जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. तळहाताने ते तोंड बंद करू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा व हँडल खालून वर ओढावे. म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट वाचते.

खोलणे व जोडणे

खोललेला प्रत्येक भाग ओळखचिठ्ठीसह डब्यात ठेवावा. वॉशर व पातळ पत्र्याच्या पट्ट्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवाव्यात. बेअरिंगच्या टोप्या आपसात बदलू नयेत. जो मूळ भाग दुरुस्त होण्याजोगा आहे तो दुरुस्त करावा. नवा घालणे भागच पडल्यास जुना टाकून न देता नोंदीसह जपून ठेवावा. ओतीव लोखंडाला गेलेली चीर साध्या वेल्डिंगने बुजविल्यास शेजारी नवी चीर पडण्याचा संभव असतो, म्हणून हे काम ओतीव लोखंडाचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

जुन्या रंगात शिसे व जुन्या ब्रेक-क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. दोन्हींची धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. म्हणून घासकाम ओले करावे, तोंडाला योग्य मुखवटा लावावा व ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट नसते. फोर्डसनसारखा ट्रॅक्टर ओझे जड झाल्यास पुढून उचलला जाऊन मागे उलटत असे. यास्तव जतन केलेल्या ट्रॅक्टरने उतारावर काम करू नये व ओढावयाचे ओझे खालच्या दांड्यालाच जोडावे.

वाफेचे इंजिन : वेगळे शास्त्र

ऑइल इंजिन बिघडले तर ते बंद पडते. बॉयलर बिघडला तर तो फुटतो. हा भेद ज्यास नीट उमगला नाही त्याने वाफेच्या इंजिनात जाळ करू नये.

फिरत्या वाफेच्या इंजिनात भट्टीच्या माथ्यावरील पत्र्याच्या वर पाणी असते. खाली विस्तव असूनही तो पत्रा टिकतो, कारण पाणी त्याची उष्णता सतत घेत असते. पाणी कमी होऊन पत्रा उघडा पडला की तो लाल होतो, त्याचे बळ जाते व वाफेच्या दाबाने तो आत फाटतो. दाबाखालील पाणी शंभर अंशांपेक्षा पुष्कळ अधिक तापलेले असते. दाब एकदम गेला की त्याचा मोठा अंश क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ होताना मोकळ्या हवेत तिचे आकारमान सुमारे सोळाशे पट होते. बॉयलरचा स्फोट इतका भयंकर असतो तो यामुळे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात मेडायना येथील जत्रेच्या मैदानावर २९ जुलै २००१ रोजी असाच प्रकार घडला. हौसेने जतन केलेल्या एका जुन्या वाफेच्या ट्रॅक्टरचा बॉयलर फुटून पाच माणसे मृत्यू पावली व अनेक जखमी झाली. भट्टीच्या माथ्यावरील पाणी कमी झाले होते आणि पत्राही झिजलेला होता. तेथे अशा ऐतिहासिक बॉयलरांची सरकारी तपासणी तोवर सक्तीची नव्हती. या अपघातानंतर ती करण्यात आली. इंजिन वरून नीटनेटके दिसत असले तरी आतील पत्र्याची जाडी डोळ्यांना दिसत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

भारतात १९२३ चा बॉयलरविषयक कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २०२५ च्या बॉयलर अधिनियमाने घेतली आहे. नोंदणी व प्रमाणपत्र यांवाचून बॉयलर वापरणे हा गुन्हा आहे. जुना बॉयलर मिळाल्यास राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे जावे. तपासणीत पत्र्याची जाडी मोजली जाते व बॉयलर थंड पाण्याने पूर्ण भरून त्यावर दाब देऊन पाहिला जातो. ही परीक्षा पाण्यानेच होते. दाबलेल्या हवेने घरच्या घरी ती करू पाहणे म्हणजे बॉम्ब तयार करणे होय.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही चालकाने पाण्याच्या काचनळीवरून लक्ष ढळू देऊ नये. जाळ करण्यापूर्वी नळीच्या तोट्या उघडून त्या तुंबल्या नाहीत ना, हे पाहावे. उतारावरून खाली जाताना पाणी पुढे धावते व मागील भट्टीचा माथा उघडा पडू शकतो. सुरक्षा झडप कधीही आवळू नये व तिच्यावर वजन ठेवू नये. माथ्याच्या पत्र्यातील कथील भरलेली खुंटी पाणी कमी झाल्यास वितळून इशारा देते. परंतु तिच्यावर क्षारांचा थर बसल्यास ती दगा देते. काचनळीतील पाणी दिसेनासे झाल्यास आत थंड पाणी सोडण्याचा मोह आवरावा. ओली राख किंवा माती टाकून जाळ दडपावा व सर्व माणसांना दूर न्यावे.

तपासणीत बॉयलर नापास झाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. विस्तव न घालताही इंजिन प्रदर्शनात ठेवता येते आणि त्याची चाके, दांडे व पिस्टन हाताने फिरवून मुलांना त्याचे कार्य समजावून देता येते.

ग्रामसेवक व कृषी सहायकांचे काम

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावांतील जुन्या यंत्रांची एक साधी वही ठेवावी. तीत यंत्राचा प्रकार, क्रमांक, ठिकाण, मालक व सद्यःस्थिती लिहावी. त्याहून निकडीचे काम म्हणजे ही यंत्रे चालविलेल्या वृद्ध चालकांकडून व मिस्त्र्यांकडून माहिती उतरवून घेणे. यंत्र पाच वर्षे थांबू शकते, माणूस थांबेलच असे नाही. मालकाने यंत्र विकावयाचे ठरविल्यास शाळा, कृषी महाविद्यालय किंवा हौशी संग्राहक यांस आधी विचारावे. तोवर धुराड्याचे तोंड डब्याने झाकणे, नोझलच्या जागी तेल सोडणे, चाकांखाली ठोकळे देणे व वर पत्र्याचे छप्पर घालणे, एवढी चार कामे केली तरी यंत्र कित्येक वर्षे तग धरते.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. हलविण्यापूर्वी छायाचित्रे व क्रमांक घ्यावेत.
२. बंद पडलेले इंजिन ओढून सुरू करू नये. नोझल काढून हाताने फिरवावे.
३. सुरू करण्यापूर्वी पंपाची दांडी मोकळी असल्याची खात्री करावी.
४. मूळ भाग टाकू नये.
५. सरकारी तपासणी व प्रमाणपत्र यांवाचून कोणत्याही बॉयलरखाली जाळ करू नये.
६. यंत्राबरोबर त्याची हकीकतही लिहून ठेवावी.